उजवीकडची हृदयं

कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कायनेज या एन्झाइमचा जीन बंद केला, की झेब्रा माशाच्या निम्म्या पिल्लांचं डावीकडचं हृदय उजवीकडे जातं, असं सर वीस वर्षं सांगत आलेत. त्यांच्या विद्यार्थिनीची पीएचडी त्यावरच टांगलेली. तिनं मोजलं, तर चाळीसांत बावीस उजवीकडे.

"मॅडम," टेक्निशियन चाचरत म्हणाला, "जीन बंद करायचं औषध आलंच नव्हतं. मी नुसतं पाणी टोचलंय."

तिनं सरांना बोलावलं. सर स्वतः मायक्रोस्कोपशी बराच वेळ बसले.

"बावीसच आहेत."

मग टेक्निशियननं डोळा लावला.

"सर, सगळी डावीकडेच आहेत," तो हळूच म्हणाला. "तुम्हा दोघांना हे कधीपासून दिसतंय?"