टीम लावणारं डोकं

“पप्पा, माइकवर ऋत्विकदादाचं नाव कोणी सांगितलं?”

हे विचारायची सुरभीची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने भर जेवणात विचारलं.

रोह्याच्या फुटबॉल टीमचे कोच तिचे पप्पा, धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून टीम बघणारे. पण कोणाला कुठे खेळवायचं ते ठरवायची सुरभी. मोबाइलवरच्या मॅनेजर गेममध्ये तिने टीममधल्या पोरांच्याच नावाचे खेळाडू बनवले होते; कोण पळायला तेज, कोण डाव्या पायाने कच्चा, सगळं जसंच्या तसं. स्ट्रायकर म्हणून मिरवणाऱ्या सख्ख्या भावाला, ऋत्विकदादाला, तिनेच मागे बॅकला नेलं, आणि टीम थेट फायनलला धडकली. सेमीफायनल जिंकल्यावर माइकवर मात्र जाहीर झालं, “टीम लावणारं डोकं, ऋत्विक!”

“मीच सांगितलं,” पप्पा म्हणाले. “पोरीने टीम लावली म्हटल्यावर पोरं ऐकतील व्हय?”

“नाव घरातच राह्यलं ना गो,” आई आमटी वाढत म्हणाली. ऋत्विक मान खाली घालून भात कालवत राहिला.

“ते सोड,” पप्पा सुरभीला म्हणाले. “रविवारी पेणशी फायनल हाय. टीम लावलीस ना?”

 

“लावली ना, पेणची. उद्या पेणला आत्याकडे चाललेय मी. दादाला कुठल्या बाजूने चकवायचं ते त्यांच्या कोचना सांगणार हाय, माझ्या नावाने.”