नजर ठेवणारे

“कोणी कशाला हात लावू नका,” म्हणत विशाखाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. सकाळी नाट्यमहोत्सवाची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाल्यापासून सर्व्हर रांगत होता. त्या एकाच सर्व्हरच्या पोटात तिकिटांचं, हिशेबाचं, ईमेलचं अशी वेगवेगळी व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे संगणकातलेच छोटे संगणक, नांदत होती. त्यातलं कोण सर्व्हरची ताकद जास्त खातंय, हे ताई काळ्या पडद्यावर कमांड देऊन बघत होत्या.

महोत्सवाचे कुंटेसाहेब मागेच उभे होते. “ताई, आज तिकिटं गेली नाहीत, तर पुढच्या वर्षी आम्ही दुसरी कंपनी बघणार.”

तिकिटांचं मशीन बिचारं उपाशी होतं. सगळं ताट ओढून बसलं होतं ते भलतंच मशीन: ज्यावरून ऑफिसातली माणसं सर्व्हरवर नजर ठेवत, ते. ताईंनी मान वळवली. प्रत्येक टेबलावर तीच काळी खिडकी उघडी, आणि क्षणाक्षणाला बदलणारे तेच आकडे.

“अरे, सर्व्हर का दमलाय, हे तुम्ही सगळे त्यालाच सारखं विचारताय, म्हणून दमलाय तो! बंद करा ते!”

ओशाळं हसत सगळ्यांनी खिडक्या मिटल्या. ताईंनी स्वतःचीही मिटली. एवढ्यात कुंटेसाहेबांचा मोबाइल वाजला. “काय? पहिल्या रांगेतली मिळाली?” त्यांचा चेहरा खुलला. “आमच्या सासूबाई! सकाळपासून प्रयत्न करत होत्या... म्हणजे आता नीट चालतोय ना हो सर्व्हर?”

ऑफिसातले सगळे हात एकदम कीबोर्डकडे गेले.

“हात वर!” ताई कडाडल्या.

कुंटेसाहेबांनीसुद्धा दचकून दोन्ही हात वर केले.