टोकावरचे कावळे

आशाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे नव्व्याण्णव. नवरीला मामानं बोहल्यावर आणायचं असतं. आशाला शेजारच्या फकिरानं आणलं. पत्रिकेत मामाचं नाव छापायचं राहिलं होतं, म्हणून सिन्नरचा चिमाजी रुसला आणि लग्नाला आला नाही. त्याची बहीण, आशाची आई नवसाबाई, त्याची वाट बघत राहिली. भाऊबीजही कोरडी गेली.

त्यानंतरच्या रविवारी जावई ललित सगळ्यांना अंजनेरीला घेऊन आला. पडक्या जुन्या देवळांमागून पाऊलवाट टोकावर जाते. तिथून खाली धरणाचं पाणी दिसतं. आशा आणि ललित पाणी बघत होते. नवसाबाई झाडाकडे पाठ करून बसली होती. अचानक ती उठली आणि म्हणाली, कावळ्यांची जोडी जुळताना दिसली.

आशा रडायलाच लागली. हे ज्याला दिसतं त्याच्यावर मरण येतं. ते टाळायचं तर त्याच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या माणसाला कळवायची. तो रडला की मरण फिटतं. मग खरं सांगायचं.

नवसाबाईनं लगेच चिमाजीचं नाव घेतलं.

आशाचा बाप सावळीराम बायकोकडे बघत राहिला. तिचा चष्मा पिशवीत होता. भ्यालेलं माणूस पदर नीट करत नाही, ही करत होती.

खाली रस्त्यावर एसटीडीचं दुकान होतं. ललित आत गेला आणि लगेच बाहेर आला. म्हणाला, सासूबाईंचं नाव सांगितलं, पुढचं पुरतं ऐकलंही नाही. नुसतं रडणं ऐकू आलं, बायामाणसांचंसुद्धा. मग फोन ठेवला गेला.

"इतक्या लवकर?" सावळीरामनं विचारलं.

"माझा भाऊ हाय तो," नवसाबाई म्हणाली. "मनानं लय हळवा."

तासाभरानं पुन्हा फोन करून खरं सांगायचं होतं. ती नको म्हणाली. सगळे देवळाच्या पायरीवर बसले. आशा ललितबरोबर कोरीव खांब बघायला गेली, तेव्हा सावळीराम हळूच म्हणाला, "कावळे कोणत्या झाडावर होते गं?"

"कोणत्याच नाय." तिनं भाकरीचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "बोलवून येत नाय, मग काय करू? मेल्यावर तरी येईल ना."

"शिव्या घालील."

"घालू दे. समोर बसून घालू दे."

तिनं दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी वेगळी काढली. बाकीच्यांनी जेवून घेतलं. ती जेवली नाही.

दुपारी रस्त्यावर जीप थांबली. चिमाजीचा मुलगा हिरामण उतरला. तो आधी नवसाबाईच्या मळ्यात गेला होता. फकिरानं त्याला इकडे पाठवलं होतं. बहिणीच्या मरणाला धावून आलेल्या घरातला पोरगा आत्याला जिवंत बघून दचकला नाही, हे सावळीरामला खटकलं.

नवसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. हिरामणनं पाणी घेतलं नाही.

"आत्या, चल," तो म्हणाला.

"बाप कुठंय? रुसून गाडीतच बसलाय का?" भाकऱ्या हातात घेऊन ती हसत जीपकडे गेली आणि काचेतून आत बघू लागली.

चिमाजी १४ नोव्हेंबर १९९९ रोजी सकाळी साडेआठला वारला. ललितनं फोन लावला तेव्हा दहा वाजले होते.