शाळेतनं आल्यावरची भूक

पंक्चर निघेस्तोवर बस लेका, तुला माझ्या नातीची गोष्ट सांगतो. उद्या तूही पोराला त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेणार आहेस म्हणून.

आमची ओवी म्हणजे भिंगरी, वर्गात घडीभर बसायची नाही. डॉक्टरीणबाईंनी लक्ष लागायची गोळी चालू केली आणि पोरगी बसून गणितं सोडवायला लागली. पण गोळीनं दुपारची भूक मेली, डबा रोज भरलेला परत यायचा. वाळून काडी झाली. सून हट्टाला पेटली, "गोळी बंद करा!"

ओवीला घेऊन आम्ही परत दवाखान्यात गेलो, तशी बाईंनी उपचाराच्या नियमांचं जाडं पुस्तक काढलं. वजन बघा, उंची बघा, आईबापाला विचारा, शाळेला विचारा, सगळं होतं त्यात. पानं उलटता उलटता बाई थांबल्या. "आजोबा, एवढ्या शिकलेल्या लोकांनी लिहिलंय, पण पोराला विचारा असं कुठंच नाही." मग खुर्ची ओढून ओवीसमोर बसल्या. "तूच सांग गं, काय करू?"

ओवी स्टुलावर गरगर फिरत म्हणाली, "गोळी राहू दे. पण शाळेतनं आल्यावर मला लई भूक लागते, तेव्हा आई चहा-बिस्कीट देते. जेवण नऊला. तवर भूक मरते."

सुनेनं कपाळावर हात मारला. बाईंनी पुस्तकाच्या कोऱ्या कडेला पेननं एक ओळ लिहिली, 'पोरालाही विचारा.' आता घरी आल्या आल्या ताट वाढतो, पोरगी पाय हलवत दोन भाकऱ्या हाणते.

एवढं कर माझ्यासाठी. उद्या बाईंपुढं तू तोंड मिटून बस, आधी पोराला बोलू दे.