सर्वांत हिरवं गाव

नवी रुग्णवाहिका कोणत्या गावाला द्यायची हे ठरवायला जटलंडमधल्या आमच्या गावात सभा होती. कचेरीतून आलेल्या सिसेलने भिंतीवर नकाशा लावला.

"गाडी यायला जितका उशीर, तितका लाल रंग. लवकर आली तर हिरवा. लहान मुलालाही कळेल."

अख्ख्या नकाशात आमचं गाव सर्वांत गडद हिरवं होतं.

"हा रंग कोणी भरला?" मी विचारलं.

"मी. इथून यंदा एकदाच गाडी मागवली गेली, अक्सेल, आणि तिची वेळ शून्य मिनिटं आहे. तुमची तक्रार काय?"

"शून्य मिनिटांत? आभाळातून पडली का?"

"मागवलेली गाडी रद्द केली की यंत्र शून्य धरतं," ती वैतागून म्हणाली. "माणूसच फोन करून गाडी नको म्हणाला, तर मी लाल कसा भरू?"

"कॉफी घे, अक्सेल. बस खाली," शेजारचा प्रेबेन म्हणाला. मी बसलो नाही.



गाडी नको असा फोन मीच केला होता, बेचाळीस मिनिटं वाट पाहून, माझी बायको इंगर गेल्यावर.