अवघड जागा

शस्त्रक्रियेला मंजुरी देणाऱ्या यंत्रापुढे शेजवळबाई उभ्याच होत्या. मूळव्याधीचा कोंब बाहेर येऊन असा ठणकत होता, की बसायची सोयच उरली नव्हती. पण भरल्या दवाखान्यात सांगणार कसं? काल त्या हळूच म्हणाल्या होत्या, “अवघड जागी दुखतंय.” यंत्राने ‘रुग्ण दुर्गम भागात’ असं नोंदवून डोंगरावर हेलिकॉप्टर धाडलं होतं.

“डॉक्टर, तुम्ही तपासलंत ना? मग करून टाका ऑपरेशन!”

“बाई, त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय मला सुरीला हात लावता येत नाही. त्याला स्पष्ट सांगा.”

बाईंचं डोकंच फिरलं. “ढुंगण दुखतंय माझं, ढुंगण! कळलं का रे मेल्या?”

सगळा दवाखाना वळून बघू लागला.

“असभ्य भाषा. अर्ज रद्द,” यंत्र अदबीने म्हणालं. “कृपया बसून घ्या.”