मजुरांची हृदयं

सगळे हात जोडून उभे होते आणि ताटलीतलं हृदय उघडं पडलं होतं. कालपर्यंत ते चिआंग माईतल्या एका रेशीम व्यापाऱ्याचं होतं. देहदान करणारा म्हणजे थोर गुरू, आणि गुरूला वंदन केल्याशिवाय सुरी लावायची नाही. आजान, म्हणजे प्राध्यापिका, विलायवान बाई सावकाश मंत्र म्हणत होत्या. व्यापाऱ्याच्या बायकोला रडू आवरत नव्हतं.

नांग हॉमचा जीव मात्र खालीवर होत होता. ती बाईंची संशोधक विद्यार्थिनी. तिच्या हाती नेहमी गोठवलेले तुकडेच यायचे. कापायच्या खोलीत ती आज पहिल्यांदा आली होती. अहो, हृदय असं उघड्यावर राहिलं की स्नायूतली प्रथिनं प्राणवायूनं गंजतात! मग आकसायला कितीही कॅल्शियम द्या, स्नायू आकसतो तो मेल्या मनानं. लगेच गोठवलं तर गंज चढत नाही.

तिचा प्रबंध याच गंजावर होता. शहरातल्या खात्यापित्या माणसांची हृदयं गंजलेली निघाली होती आणि सीमेपलीकडून आलेल्या शान जमातीच्या बेवारस मजुरांची स्वच्छ, जोरात आकसणारी. कष्टानं हृदय गंजत नाही, असा निष्कर्ष बाईंनी काढला होता. नांग हॉम स्वतः शान. तिचा बाप साई लून याच शहरात विटा वाहायचा. या देशात त्याच्या लोकांबद्दल पहिल्यांदाच कुणी बरं बोललं होतं. बांधकामावर तो ज्याला त्याला ऐकवायचा, "मुकादम, शिव्या जरा जपून! आमची काळजं तुमच्यापेक्षा भारी आहेत, विद्यापीठानं सांगितलंय!"

मंत्र संपले. प्रयोगशाळेतल्या खाम मामांनी तुकडे कापून गोठवायला द्रव नायट्रोजनमध्ये सोडले.

"मामा, दरवेळी एवढा वेळ जातो?"

"गुरू आहेत पोरी. घाई करून कसं चालेल?"

"आणि आमच्या लोकांच्या वेळी?"

"त्यांचं काय गं! आलं की कापलं, नायट्रोजनमध्ये टाकलं."

ती तशीच बाईंच्या मागे धावली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"उद्या तुझी तोंडी परीक्षा आहे. पदवी हवी ना? मग हे इथेच गिळ."

दुसऱ्या दिवशी साई लून इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला होता. बरोबर कामावरचे चार गवंडी, दिवसाच्या रोजंदारीवर पाणी सोडून आलेले. परीक्षकांना प्रबंध भलताच आवडला होता. कौतुकानं त्यांनी विचारलं, "बाळ, या मजुरांची हृदयं एवढी मजबूत कशी?"

साई लून ताठ बसला. त्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, ऐक म्हणून.

बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. नांग हॉमनं बापाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मजबूत नव्हती, आजान," ती म्हणाली. "त्यांच्यापुढे हात जोडायला कुणी थांबलं नव्हतं."